किटशिवाय ट्रस पूल: सॅव्हेजचा बोलमन पूल एचओमध्ये बांधताना

एचओ म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाचं रेल्वे मॉडेल, ट्रस म्हणजे खांब आणि पट्ट्या जोडून केलेली पुलाची चौकट, स्टायरिन म्हणजे मॉडेलचं प्लॅस्टिक. प्रश्न नाशिकच्या एका तरुण मॉडेलकाराचा आहे. थोडक्यात असा: "एचओ लेआउटवर ६० सेंटिमीटरची दरी सोडली आहे. तिच्यावर किटमधला नको, कुठल्या तरी खऱ्या पुलावरून घेतलेला ट्रस पूल स्वतः बांधायचा आहे. पूल कोणता निवडू, मापं कुठून आणू, स्टायरिन वापरू की पितळ, आणि इंजिनाचं वजन तो पेलेल का?"

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण नवखा माणूस सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतो आणि खरं तर तोच सगळ्यात सोपा आहे. पेलेल. एचओचं इंजिन तीन-चारशे ग्रॅमचं. एवढं वजन जाड पुठ्ठ्याचा नीट घडी घातलेला पूलही पेलतो. मी माझ्या पुलाचा भार रुळांखाली दडवलेल्या दोन पितळी चॅनलवर टाकलाय. वरच्या ट्रसला गाडीचं ओझं कळतसुद्धा नाही.

तरीसुद्धा, आणि हे मी बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस म्हणून सांगतोय, खऱ्या पुलात कोणता तुकडा ओढला जातोय आणि कोणता दाबला जातोय हे कागदावर खुणा करून ठरवल्याशिवाय ब्लेड हातात घेऊ नका. जाडी किती घ्यायची, कुठे प्लॅस्टिक आणि कुठे धातू, आधी काय चिकटवायचं, कुठला सांधा सैल ठेवायचा, या सगळ्याची उत्तरं त्या एका कागदावर मिळतात. मॉडेल खोटं दिसतं ते बहुधा इथेच चुकल्याने. दाबाचा खांब आणि ओढीची पट्टी दोन्ही एकाच जाडीच्या स्टायरिनमधून कापलेले असतात. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं.

आता पूल कोणता. मी बांधला तो अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या सॅव्हेज गावचा, लिटल पटक्सेंट नदीवरचा बोलमन ट्रस. मुलीकडे गेलो होतो तेव्हा तो बघितला. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनच्या मध्ये सॅव्हेज नावाची जुनी कापड गिरणी आहे, १८२२ पासून १९४७ पर्यंत चाललेली. तिच्यासाठी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने टाकलेल्या फाट्यावर हा पूल उभा आहे. आज त्यावरून लोक चालतात, त्यामुळे टेप आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) घेऊन तासन्‌तास उभं राहिलं तरी कोणी हटकत नाही. नातवाने टेपचं एक टोक धरलं होतं, ते दर पाच मिनिटांनी सोडूनही दिलं.

तुमच्यासाठी हाच सुचवण्याची दोन कारणं आहेत. पहिलं, लांबी. जवळजवळ ८० फुटांचे दोन गाळे, एकूण सुमारे १६० फूट. एचओमध्ये फुटाला साडेतीन मिलिमीटर धरायचे, म्हणजे एक गाळा २८० मिलिमीटर आणि पूर्ण पूल ५६० मिलिमीटर. तुमच्या ६० सेंटिमीटरच्या दरीत मापाशी तडजोड न करता बसतो, वर दोन्ही बाजूंच्या दगडी टेकूंना दोन-दोन सेंटिमीटर उरतात. दुसरं कारण, गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. खऱ्या एचओ मापात तो १९.२ मिलिमीटर यायला हवा, पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ चाच. म्हणजे भारतीय पूल एचओत बांधला की एकतर रूळ अरुंद दिसतो, नाहीतर पूल साधारण १:१०२ ला न्यावा लागतो, आणि मग शेजारी उभी केलेली माणसं आणि घरं राक्षसी वाटतात. अमेरिकेचा १४३५ चा गेज १६.५ वर बिनचूक उतरतो. आयुष्यातला पहिला पूल बांधताना ही एक डोकेदुखी कमी झालेली बरी.

तिसरं कारण मनातलं आहे. हा पूल बघताना त्याचं पोट उघडं दिसतं.

वेंडेल बोलमन हा बाल्टिमोरचा, रेल्वेत सुतार म्हणून लागलेला आणि स्वतःच्या हिमतीवर इंजिनिअर झालेला माणूस. १८५२ च्या जानेवारीत त्याने या रचनेचं पेटंट घेतलं. बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली गाडी निघाली ती त्याच्या पुढच्या वर्षी. तोवर अमेरिकेतले रेल्वेपूल बहुतेक लाकडी होते, कुजायचे, जळायचे. लोखंड वापरायचं तर ते दोन प्रकारचं हाताशी होतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड: दाब उत्तम घेतं, पण ओढलं की काचेसारखं तडकतं. आणि घडीव लोखंड: ओढ सोसतं, पण तेव्हा महाग. बोलमनने दोघांना वेगवेगळी कामं वाटून दिली.

त्याची कल्पना समजायला अंगणातली कपड्यांची दोरी डोळ्यांपुढे आणा. दोन खांब, मध्ये दोरी. दोरीवर ओली चादर टाकली की दोन्ही खांब आत कलतात. ते कलू नयेत म्हणून खांबांच्या डोक्यांमध्ये एक आडवा वासा ठोकून बसवला, तर दोरी खेचत राहील, वासा दाबला जाईल आणि खांब सरळ राहतील. बोलमन ट्रस म्हणजे एवढंच, फक्त दोऱ्या अनेक. पुलाच्या तळाशी जिथे जिथे आडवा गर्डर टेकतो, त्या प्रत्येक बिंदूपासून दोन घडीव पट्ट्या निघतात: एक डाव्या टोकाच्या टॉवरच्या डोक्याकडे, एक उजव्या टोकाच्या. पलीकडच्या बिंदूच्या पट्ट्यांशी त्यांचा संबंध नाही, प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे लटकलेला. वरचा आडवा वासा म्हणजे आठ पैलूंची पोकळ ओतीव नळी. खालची कॉर्ड, म्हणजे तळाचा लांब आडवा भाग, ओढ सोसण्यासाठी लागतच नाही. एखादी पट्टी तुटली तर तो एक बिंदू जातो, सगळा पूल खाली बसत नाही. त्या काळी रेल्वेला याचंच कौतुक होतं. असे साधारण शंभर पूल उभे राहिले. पुढे इंजिनं जड झाली, आणि एवढ्या लांब-लांब पट्ट्यांना लागणारं लोखंड परवडेना.

आज सॅव्हेजचा हा एकच उरलाय. तो १८६९ मध्ये मुख्य मार्गासाठी बांधला गेला आणि १८८७ मध्ये सोडवून इथे आणला. अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत १९६६ मध्ये पहिलं नाव याचं लागलं. त्याची मोजणी केलेली रेखाचित्रंही झाली, आणि ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातून कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. म्हणजे तुम्हाला मेरीलँडला जायची गरज नाही. मी गेलो, म्हणून चार गोष्टी हाताने चाचपता आल्या, एवढंच.

तुम्हाला भारतीयच पूल करायचा असेल तर त्याचंही सांगून टाकतो. आपल्याकडचे ओपन वेब गर्डर, म्हणजे जाळीदार ट्रसचे पूल, ठरावीक मापांचे असतात, जसे ४५.७, ६१ आणि ७६.२ मीटर, म्हणजे जुन्या हिशेबातले १५०, २०० आणि २५० फूट. पुलावर पाय ठेवू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि जिवाचा धोका वेगळाच. शेजारच्या रस्त्याच्या पुलावरून किंवा घाटावरून, ट्रसला काटकोनात उभं राहून फोटो घ्या, आणि घ्याल तेव्हा गाडी पुलावर असू द्या. जुना निळा आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा बॉडीला २१.३४ मीटर लांब असतो. फोटोत डब्याची लांबी पिक्सेलमध्ये मोजली की पॅनेलची, म्हणजे ट्रसच्या दोन खांबांमधल्या एका खणाची, लांबी त्रैराशिकाने निघते. फक्त हे विसरू नका की डब्याची कड ट्रसच्या मागे साधारण एक मीटर असते. साठ मीटरवरून फोटो घेतला तर ट्रस पावणेदोन टक्के मोठा दिसतो. तेवढा वजा करा. टेलिफोटो लावून लांबून घेतलात तर ही चूक आणखी घटते.

असो. पुन्हा सॅव्हेजकडे.

रेखाचित्र छापणं हे पहिलं काम, आणि मी पहिल्याच कामात मार खाल्ला. चित्र अगदी मापात बसवून पेन ड्राइव्हवर नेलं, दुकानातल्या मुलाने ए-थ्री कागदावर काढून दिलं. सुरेख. घरी येऊन काचेखाली चिकटवलं, एका बाजूचे सगळे खांब कापून झाले, आणि मग टॉवरची जागा जुळेना. व्हर्निअर लावला तर २८० ऐवजी २६९. छापताना "फिट टू पेज"ची खूण राहिली होती, आणि सगळं चित्र ९६ टक्क्यांवर आलं होतं. चूक त्याची नाही, माझी. चित्रावर फुटांची पट्टी काढलेली असते, ती मोजायला दहा सेकंद लागतात. ती मी मोजली नाही. तुम्ही दुकानातच मोजा, पैसे देण्याआधी.

आता साहित्य. इथे तो ओढ-दाबाचा कागद कामाला येतो. माझा नियम साधा होता: खऱ्या पुलात जे साच्यात ओतलं ते मी पण ओतायचं किंवा स्टायरिनमध्ये करायचं, जे घडवलं, ठोकलं, ताणलं, ते पितळेच्या पट्टीत. हा नियम पाळला की दिसण्याचा अर्धा प्रश्न आपोआप सुटतो. ओतीव भागाच्या कडा मऊ, कोपरे किंचित गोल, अंग भरीव. घडीव पट्टी पातळ, सरळ, धारदार कडेची. एकाच प्लॅस्टिकमधून दोन्ही काढायला गेलात तर पट्ट्या जाड होतात. खऱ्यातली एक इंच जाड पट्टी एचओत ०.२९ मिलिमीटर येते. एवढं पातळ स्टायरिन दोन हिवाळ्यांत पापडासारखं वळतं. पाव मिलिमीटरचं पितळ सरळ राहतं.

टॉवरच्या डोक्याचे आणि पायथ्याचे भाग नक्षीदार आहेत, छोट्या देवळाच्या खांबासारखे. ते एक-एक कोरत बसू नका. एकच नग जीव ओतून बनवा, सिलिकॉन रबराचा साचा घ्या, रेझिनमध्ये बाकीचे ओता. ओतशाळेत १८६९ साली हेच केलं असणार: लाकडाचा एक फर्मा, त्यावरून हवे तेवढे नग. हाताशी रेझिन प्रिंटर असेल तर त्यावरही निघतील, पण छापलेल्या थरांच्या रेघा घासून काढा, नाहीतर रंग दिल्यावर त्या हमखास वर येतात.

वरच्या दाबाच्या नळीला आठ पैलू हवेत. बाजारात आठ पैलूंची प्लॅस्टिक नळी शोधत बसू नका, चौकोनी स्टायरिन नळी घ्या आणि कोपरे कानशीने उतरवा. किती उतरवायचे याचा हिशेब ठरलेला आहे: चौकोनाच्या बाजूला ०.२९३ ने गुणा आणि प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना तेवढ्यावर स्क्राइबरने रेघ ओढा. ३ मिलिमीटरची नळी असेल तर ०.८८ मिलिमीटर. नळी व्ही आकाराच्या खाचेत बसवा, म्हणजे कोपरा वर येतो आणि कानस आडवी धरता येते. सागवानाच्या तुकड्यात करवतीने पाडलेली खाच पुरते. दोन्ही रेघा एकदम पुसल्या गेल्या की थांबा. चारही कोपरे झाले की नळी दिव्यापुढे धरून फिरवा. पैलू असमान असेल तर उजेड लगेच सांगतो.

ही नळी पोकळच हवी. का, ते पुढे येईल.

पट्ट्या हे या पुलातलं सगळ्यात वेळखाऊ काम. सुदैवाने लांब्या पुन्हा पुन्हा येतात. एका ट्रसमध्ये डावी-उजवी बाजू आरशासारखी, म्हणून प्रत्येक लांबी दोनदा. ट्रस चार, म्हणजे प्रत्येक लांबीचे किमान आठ नग. लांबी चित्रावरून मोजू नका, काढा: टॉवरपासून बिंदूचं आडवं अंतर आणि उंची घेऊन पायथागोरस. मोजलेल्या लांबीत पेन्सिलच्या रेघेएवढी चूक असते, आणि आठ नगांत ती आठ वेगवेगळ्या प्रकारे येते.

भोकं पाडायची आमची टूलरूमची रीत सांगतो. एका लांबीच्या आठ पट्ट्या एकावर एक रचा, वर-खाली भंगार पत्र्याचा एक-एक तुकडा, आणि कडेला दोन ठिकाणी सोल्डरचा हलका डाग द्या. आता ही एकच जाड पट्टी झाली. तिच्या दोन्ही टोकांना ०.५ चं भोक एकदाच पाडा. भंगार तुकडा असल्यामुळे ड्रिल घसरत नाही आणि बुडाला भुरी (धातूची धारदार कड) येत नाही. मग सोल्डरिंगची इस्त्री लावून डाग वितळवा: आठ पट्ट्या, सगळ्यांची भोकं केसाएवढीही फरक नसलेली. हाताने एक-एक पाडली असती तर मी अजून पाडतच बसलो असतो. ०.५ चं ड्रिल मोडणारच, पाच-सहा आणून ठेवा.

सगळ्या पट्ट्या टॉवरच्या डोक्यावर येऊन मिळतात, तिथे गर्दी होते. पाव मिलिमीटरच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक आल्या की सव्वा ते दीड मिलिमीटर होतात आणि बाहेरच्या पट्ट्या ट्रसच्या प्रतलातून सुटून दिसतात. पट्ट्यांची भोकं असलेली टोकं मी कानशीने निम्म्या जाडीवर आणली. बाहेरून कळत नाही.

आता ती "नळी पोकळ हवी" वाली गोष्ट. माझा पहिला गाळा मी डिसेंबरमध्ये जोडला. वरचा वासा भरीव स्टायरिनचा, खांब स्टायरिनचे, पट्ट्या पितळेच्या आणि सगळ्या तार छेडल्यासारख्या ताठ, दोन्ही टोकं सोल्डर आणि सुपरग्लूने पक्की. दिसायला देखणा. कपाटावर ठेवला. पुण्यातल्या एप्रिलच्या एका दुपारी वर बघतो तर वासा केळ्यासारखा बाहेर वाकलेला, चांगला तीन मिलिमीटर, आणि टॉवरच्या पायथ्याचा एक सांधा उघडलेला.

हिशेब नंतर केला, जो आधी करायला हवा होता. स्टायरिन अंशाला मीटरमागे साधारण ७० मायक्रॉन वाढतं, पितळ १९. पंचवीस अंशांचा फरक धरा: २८० मिलिमीटरचा स्टायरिन वासा अर्धा मिलिमीटर वाढू पाहतो, तेवढंच पितळ जेमतेम १३० मायक्रॉन. पट्ट्या वाढायला तयार नाहीत, त्या टॉवरची डोकी आत धरून ठेवतात, आणि वाशाला जायला दुसरी जागा नाही, म्हणून तो बाजूला फुगतो. ओढीची पट्टी खरोखर ओढत होती आणि दाबाचा वासा खरोखर दाबला जात होता. मॉडेल मला खऱ्या पुलाचं काम करून दाखवत होतं, फक्त मला ते नको होतं.

गंमत अशी की बोलमनलाही याच जातीची अडचण होती. एका बिंदूला येणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी मधला बिंदू सोडला तर एक लांब, एक आखूड. उन्हाने असो की भाराने, लांब पट्टी जास्त वाढते आणि आखूड कमी, म्हणजे खांबाचा पाय एका बाजूला ओढला जाणार. त्याने खांबाच्या तळाशी पट्ट्या थेट न अडकवता मध्ये एक छोटा झुलता दुवा दिला, पिनवर हलणारा. सॅव्हेजला मी तो बघितला होता, फोटोही घेतले होते. आणि घरी येऊन मॉडेलमध्ये त्याच्या जागी ग्लूचा थेंब टाकला होता, कारण "एवढ्या लहान मापात कोण बघतंय".

दुसऱ्यांदा बांधला तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. वरच्या पोकळ नळीतून पितळी सळई घातली आणि दोन्ही टॉवरच्या डोक्यांना फक्त ती सळई पक्की केली. स्टायरिनची नळी नुसती अंगरख्यासारखी वर, एका टोकाला चिकटवलेली, दुसऱ्या टोकाला नखभर मोकळी. आता चौकटही पितळेची आणि पट्ट्याही पितळेच्या, सगळं एकाच गतीने वाढतं. आणि खांबांच्या तळाशी खरेखुरे झुलते दुवे बसवले: ०.४ च्या तारेचे, पिनवर सैल. दुव्याचं भोक ०.६, पिन ०.५. त्या एका दशांशाच्या मोकळीकीवर सगळा पूल शांत आहे.

जोडणीसाठी जिग, म्हणजे तुकडे जागेवर धरणारी मांडणी, लागेलच. काचेच्या तुकड्याखाली चित्र, काचेवर दुहेरी चिकटपट्टी, तिच्यावर खांब आणि टॉवर उताणे. सोल्डरिंगची सगळी कामं प्लॅस्टिक जवळ येण्याआधी उरकून घ्या; इस्त्रीची नुसती आच लागली तरी स्टायरिन सुरकुततं. स्टायरिनला स्टायरिन जोडायला टॅमियाचं पातळ सिमेंट, ब्रशच्या टोकाने सांध्यावर नुसतं टेकवायचं, ते आपोआप आत शिरतं. खिडकी उघडी ठेवा. पितळ-प्लॅस्टिकच्या सांध्यात चोवीस तासांचं अ‍ॅरल्डाइट. फेविक्विक ठिसूळ पडतं आणि भोवती पांढरी बुरशी उठवतं.

दोन ट्रस उभे करून मधले आडवे गर्डर बसवताना काटकोन पकडणं अवघड जातं. माझ्याकडे ग्राउंड ब्लॉक (अचूक घासलेले धातूचे ठोकळे) होते, तरी मी शेवटी नातवाच्या लेगोच्या विटा वापरल्या. मापात पक्क्या, कोपऱ्यात पक्क्या आणि ग्लू लागला तर फेकता येतात. (त्याला दोन विटा अजून सापडत नाहीयेत.)

रुळांखाली, दोन्ही रुळांच्या बरोबर खाली, लांबीला दोन पितळी चॅनल टाका. गाडीचा भार हेच घेणार, आणि खऱ्या पुलातल्या लांब गर्डरच्या जागीच ते असल्यामुळे लपवावेही लागत नाहीत. पण रूळ आणि चॅनल यांच्यामध्ये लाकडी स्लीपर पूर्ण जाडीचे असू द्या. दोन्ही रुळांचे खिळे आरपार जाऊन चॅनलला टेकले की शॉर्ट, आणि तो शोधायला पूल उलटा करावा लागतो. रूळ बसवण्याआधी मल्टिमीटरने तपासा, बसवल्यावर पुन्हा. पुलावरचे स्लीपर साध्या मार्गापेक्षा जवळजवळ असतात आणि आतल्या बाजूला गार्ड रेल (घसरलेली गाडी आवरणारे जादा रूळ) असतात. हे राहिलं तर जाणकाराची नजर पहिली तिथेच जाईल.

गाळ्याचं एक टोक टेकूवर पक्कं करा, दुसरं नुसतं टेकवा. खऱ्या पुलाचीही तीच सोय असते. आणि प्रवेशाच्या कमानीचे आडवे भाग चिकटवण्याआधी तुमचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांब डबा हाताने आरपार ढकलून बघा. हा १८६९ चा पूल आहे, आजचे उंच कंटेनरचे डबे त्यातून जातील अशी अपेक्षा ठेवू नका. वळणाला लागून पूल असेल तर लांब डब्याचं टोक आत कापतं, तेही बघा.

रंगाचं फार सांगत नाही. मूळ पूल आज लाल रंगात आहे. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला प्राइमर, पातळ हातांनी, दोन हातांमध्ये पूर्ण वाळू देऊन; एकदम ओला हात मारला तर थिनर स्टायरिन खातो. गंजासाठी परदेशी पावडरी महाग मिळतात. मी गेरू वापरतो, वाण्याकडचा, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलेला. मऊ ब्रशने पिनांच्या खाली आणि टेकूंच्या तोंडाशी थोडासा, वरून मॅट वार्निशचा पातळ फवारा. वाफेच्या इंजिनाची काजळी कमानीच्या वरच्या आडव्या भागाच्या खालच्या अंगाला धरते, तिथे निरांजनावर धरलेलं खरं काजळ बोटाने लावलं. त्याला तोड नाही.

कमानीवर ओतीव अक्षरांत बोलमनचं नाव आणि १८६९ हे साल आहे. एचओत ती अक्षरं मिलिमीटरच्या आसपास येतात. उठावाची करायचा मी दोनदा प्रयत्न केला, दोनदा चिखल झाला. शेवटी लेझर प्रिंटरवर डिकल, म्हणजे चिकटवायचं पातळ छापील चित्र, काढला. तीस सेंटिमीटरवरून वाचता येतो, भिंग लावून बघणाऱ्याला सपाट असल्याचं कळतं. हे एक अजून सुटलेलं नाही. कोणी ही अक्षरं एचिंग करून (रसायनाने धातू खरवडून) उठावाची काढली असतील तर मला कळवा.

वेळ म्हणाल तर पहिला, वाकलेला गाळा दोन महिने. नंतरचे दोन्ही गाळे मिळून साडेतीन. पुण्यात असाल तेव्हा कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघून घ्या. पूल आणि भोवतालचा देखावा एकमेकांत कसे मुरवायचे हे तिथे डोळ्यांनी कळतं, लिहून सांगण्याचं ते काम नाही.

खरेदीची सुरुवात करायचीच असेल तर आधी पितळी पट्टी आणि ०.५ ची ड्रिलं आणा आणि एका लांबीचे आठ नग करून बघा. ते जमले की बाकी पूल म्हणजे फक्त किती संध्याकाळी लागतील एवढाच प्रश्न आहे. आणि जोडणीचा महिना कोणताही असो, त्या दिवशीचं खोलीतलं तापमान मॉडेलच्या पोटाशी पेन्सिलने लिहून ठेवा. माझ्या दोन्ही गाळ्यांखाली "२७" लिहिलेलं आहे. एप्रिलमध्ये दुपारी तीनला मी अजूनही एखादा दुवा चिमट्याने हलवून बघतो.